बर्फाखालच्या विहिरीतला आवाज

पुणे
९ जानेवारी २०२५

प्रिय केशरकाकू,
सप्रेम सलाम.

फोनवर तुम्ही म्हणालात, 'मोठं काम असेल तर लिहून पाठव, फोनवरचं मला पटत नाही.' म्हणून किती वर्षांनी हातात पेन धरलंय.

इसहाककाकांचं 'बर्फाखालची विहीर' आम्हाला मोबाईलवर आणायचं आहे. आमची कंपनी लहान आहे, चारच माणसं. पण हे पुस्तक शाळेत असताना वाचलेले लोक आज चाळिशीत आहेत आणि अजून ते शोधत असतात. गुरूच्या चंद्रावर बर्फ खोदायला गेलेला मजूर म्हणजे वाचणारा स्वतःच, आणि दर पानाखाली दोन वाटा, हे तेव्हा मराठीत आमच्यासाठी नवलच होतं. खाली उतरायचं तर हे पान उघडा, वर थांबायचं तर ते. मोबाईलवर पान शोधावं लागणार नाही. बोट टेकवलं की वाट उघडेल.

छापणारे प्रकाशक आता नाहीत. हक्क तुमच्याकडे आहेत. तुम्ही हो म्हणालात तरच काम सुरू करीन.

आणखी एक. काकांच्या चर्चमधल्या कीर्तनाच्या कॅसेटी तुमच्याकडे आहेत ना? त्या खराब होतील. माझ्याकडे दिल्यात तर नीट उतरवून परत देईन.

तुमचा पुतण्या,
जस्टिन

*

नगर
१८ जानेवारी

चि. जस्टिन,
आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे, पण लागलं.

परवानगी देते. मात्र ते पुस्तक कसं झालं ते तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. हे नागापूरच्या कारखान्यात टर्नर होते. ड्युटीवरून येताना खोक्यांचे पुठ्ठे आणायचे, त्याचे तुकडे करून त्यावर गोष्ट लिहायचे आणि चटईवर मांडायचे. मी पुणतांब्याला चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून लावून वाचणारी. वाचून दाखवा म्हटलं तर दाखवायचे नाहीत. दोन पुठ्ठे माझ्यापुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "काय पब्लिक, खाली उतरायचं का वर थांबायचं?" मला ते पब्लिक म्हणायचे. मी जो पुठ्ठा उचलीन त्याच्या पुढचं त्यांनी लिहायचं, असा करार होता. त्या पुस्तकातले निम्मे मेलेले माझ्यामुळे मेलेत. मी भांडायचे, "एकदा तरी वाचवा की त्याला." तर म्हणायचे, "एकदा वाचवला तर पब्लिक पुढच्या खेपेला इचार कशाला करील?"

अशी मी वाचायला शिकले. नंतर वाचनालयातलं कपाट मी एकटीनं संपवलं, पण सुरुवात पुठ्ठ्यांवर झाली.

तेव्हा अट ही की शब्द बदलायचा नाही. आणि हनुमंताला हात लावायचा नाही. विहिरीच्या तळाशी अडकलेला तो जोडीदार. वाचणाऱ्यानं कुठलीही वाट धरली तरी तो वर येत नाही. त्याला सोडून निघून जाता येतं, नाहीतर वर बोलण्याच्या तारेपाशी बसून, त्याची हवा संपेपर्यंत त्याच्याशी बोलत राहता येतं. ते पान त्यांनी मला निवडायला दिलं नव्हतं. एकट्यानं लिहिलं. तो मरतो तिथंच मरू दे.

कॅसेटी टपालानं पाठवणार नाही. येऊन घेऊन जा. जेवायला ये.

केशरकाकू

*

पुणे
३ एप्रिल

प्रिय केशरकाकू,
सप्रेम सलाम.

कॅसेटी न्यायला आलो त्या दिवशी दारातूनच परत गेलो, राग मानू नका. संध्याकाळी मीटिंग होती, गाडीत दुसरे लोक होते. तुम्ही भाकरी करायला घेतली होती हे दिसलं होतं.

काम जवळजवळ झालं आहे. ईस्टरच्या आठवड्यात बाहेर येईल. मजकूर काकांचाच ठेवला आहे, हल्लीच्या वाचकांसाठी थोडंफार जुळवून घ्यावं लागलं. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांना ऐकताही येईल. आवाज फार चांगला मिळाला आहे. तुम्हाला आवडेल, खात्री आहे.

कॅसेटी उतरवून झाल्या. लवकरच आणून देतो.

जस्टिन

*

नगर
२ मे

जस्टिन,

आशीर्वाद लिहिणार नाही. हात पुढं जात नाही.

समोरच्या घरातली दिशा फोन घेऊन आली. "आजी, आजोबांचं पुस्तक आलं!" पोरीला केवढं कौतुक. आमच्या चर्चच्या मंडळीतली मालनबाई माझ्याबरोबर मेथी निवडत बसली होती. दिशानं कुठंतरी बोट लावलं आणि हे बोलले.

मालनबाईनं आधी डोक्यावर पदर घेतला. हातातली जुडी खाली पडली. "अगं बाई, भाऊजी!" म्हणाली. तेवढ्यात तो आवाज म्हणाला, "प्राणवायू चार टक्के उरला आहे. त्वरा करा." मालनबाई उठूनच उभी राहिली. "केशरबाई, ऑक्सिजन संपत आला म्हनत्यात! काय तरी करा की वं!"

दिशा हसायला लागली.

आवाज चांगला मिळाला आहे, असं लिहिलं होतंस. मिळाला? रस्त्यावर पडलेला मिळाला का तुला? माझ्या कपाटातून माझ्या हातानं काढून दिलेल्या कॅसेटी होत्या त्या. खराब होतील म्हणून नेल्यास.

आणि आवाज तरी कुठला उचललास? कीर्तनातला. व्यासपीठावर उभा राहिलेला माणूस. ड्रिल बर्फात अडकलं हे सांगताना तुझं यंत्र उत्तम शुक्रवारच्या आख्यानासारखा सूर ओढतं. एका पानावर ते 'श्रोतेजनहो' म्हणालं. गुरूच्या चंद्रावर, जिथं एक मजूर एकटा मरायला टेकलाय, तिथं श्रोतेजन कुठून आले? हे घरात असं बोलत नव्हते. घरात "चल की आता, कवर बसतीस" असं बोलायचे. ते कुठल्या कॅसेटीत नाही. ते तुला सापडणारही नाही.

मग नाव घालायची जागा आली. मी नको म्हणेपर्यंत दिशानं 'केशर' लिहिलं. तो म्हणाला, "केशर, आता निर्णय तुझा." लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मारली असती तर मला कसं वाटलं असतं, हा विचार मी आयुष्यात केला नव्हता. तो तू मला करायला लावलास, मेथीच्या काड्यांत बसवून.

दिशानं चुकीची वाट धरली आणि ती मेली. बरोबरच होतं, तिथं मीही मेले होते. तर तुझा फोन म्हणतो, पुन्हा जिवंत होण्यासाठी जाहिरात पाहा. टूथपेस्टची जाहिरात होती. ईस्टरच्या आठवड्यात, जस्टिन! तुझे आजोबा देवळाची घंटा वाजवायचे आणि तू टूथपेस्ट दाखवून मेलेले उठवतोस.

हनुमंताचं तर विचारूच नको. पैसे भरले की हनुमंत वर येतो. आणि वर आल्यावर ह्यांच्या आवाजात ऐकू येतं, "शाब्बास! तुम्ही हनुमंताला वाचवलंत." हे वाक्य त्यांनी लिहिलं नाही, बोलले नाहीत. तू त्यांना मेल्यानंतर खोटं बोलायला लावलंस.

आवाज काढ. आणि पुस्तक होतं तसं कर.

केशरबाई इसहाक आल्हाट

*

पुणे
१२ मे

प्रिय केशरकाकू,
सप्रेम सलाम.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. थोडा गैरसमज होतोय असं मला वाटतं.

तो आवाज काकांचा नाही. कॅसेटींवरून यंत्रानं शिकून नवा तयार केलेला आवाज आहे. त्यातला एकही शब्द काकांच्या कॅसेटीतून कापून घेतलेला नाही. परवानगी तुम्ही दिली होती, कॅसेटीही तुम्हीच दिल्यात. वकिलांनाही विचारून घेतलं होतं.

जाहिराती आणि हनुमंताची नवी वाट मी हौसेनं घातलेली नाही. त्याशिवाय कंपनी चालत नाही. लोक मरून मरून कंटाळतात आणि खेळ काढून टाकतात. काकांच्या वेळचा वाचक वेगळा होता.

लोक किती प्रेमानं लिहितायत ते तुम्ही बघायला हवं. औरंगाबादच्या एका गृहस्थांनी लिहिलंय, आवाज ऐकून मला माझे वडील आठवले. मला वाटलं होतं तुम्हाला आनंद होईल. काका परत घरात बोलायला लागले असं वाटेल.

सोबत तुमच्या वाट्याचा चेक पाठवत आहे.

जस्टिन

*

नगर
२० मे

जस्टिन,

चेक सोबत परत आहे. दोन तुकडे झालेत, ते पाकिटात कोंबताना झाले असं समज.

आवाज त्यांचा नाही म्हणतोस. मग मालनबाईनं पदर कुणासाठी घेतला? तुझ्या वकिलाला विचार.

काका परत घरात बोलायला लागले असं वाटेल म्हणे. तू त्यांना परत आणलं नाहीस, बाबा. कामाला लावलंस. उभा जन्म नागापूरला पाळ्या केल्या त्या माणसानं. दिवसपाळी, रातपाळी, दिवाळीत दुसऱ्यांना सुट्टी मिळावी म्हणून त्यांच्याही पाळ्या. निवृत्त झाले आणि पुरती पाच वर्षंसुद्धा बसायला मिळाली नाहीत. आता तू त्यांना पुन्हा भरती केलंस. जेवणाची सुट्टी नाही, रविवार नाही. जो कुणी बोट लावील त्याच्यापुढं बोलायचं. पुढच्या वर्षी कुणी पैसे दिले तर त्यांच्या आवाजात पंखे विकशील. निवडणुकीत मतंही मागशील.

ह्यांचं शेवटचं बोलणं मी तुला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. करोनात वॉर्डात कुणाला सोडत नव्हते. तिथल्या एका मुलानं त्याच्या फोनवरून जोडून दिलं. तोंडावर मास्क, मशीनचा घर्रघर्र आवाज. दोन शब्द बोलायचे आणि थांबायचे. काय म्हणाले ते मला कळलं नाही. "काय? काय म्हणता?" असं मी ओरडत राहिले आणि फोन बंद झाला. ते काय म्हणाले ते मला आजवर माहीत नाही.

आणि तुझ्या यंत्राला दम लागत नाही. प्राणवायू चार टक्के म्हणतं आणि छाती भरून म्हणतं.

त्या औरंगाबादच्या गृहस्थांना वडील आठवले, चांगलं झालं. त्यांनी आपले वडील आठवावेत. माझा नवरा त्यासाठी वापरू नये.

आता वकिलाचं नाव लिहिलंस तर मी पुण्याला येईन आणि तुझ्या मीटिंगमध्ये येऊन बसेन. मला मराठी वाचता येतं आणि मोठ्यानं बोलताही येतं.

केशरबाई

*

पुणे
१५ जून

काकू,

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितोय.

तुम्हाला मी खरं सांगितलं नाही. आवाज खेळासाठी केला नव्हता. कॅसेटी आणल्या त्याच आठवड्यात केला, माझ्यासाठी. तुम्हाला माहीत आहे, पप्पा आणि मी एकमेकांशी बोलत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत नगरला यायचो तेव्हा मला कुणी काही विचारलं असेल तर ते काकांनी. गणितात किती पडले हे नाही. काय वाचतोयस, पाय कशानं कापला, जेवलास का.

ऑफिसातून सगळे गेले की मी वाक्य टाइप करायचो आणि तो आवाज म्हणायचा, "जस्टिन, तू जेवलास काय?" कीर्तनाच्या सुरातच म्हणायचा, तुम्ही म्हणता तसाच. तरी मी ऐकायचो. मग डबा उघडायचो.

एकदा कंपनीतल्या एकानं ऐकलं आणि म्हणाला, हाच आवाज खेळात घालू. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. मला वाटलं, सगळ्यांनी ऐकला म्हणजे मी काही वेडेपणा करत नाही असं होईल.

आता काढायचा म्हटलं तर बटण एकच आहे. खेळातला आवाज आणि माझ्यासाठी केलेला आवाज एकाच ठिकाणी ठेवलाय. बोट जात नाही. तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणालात तर माझ्याकडचा आधी वेगळा काढून ठेवीन आणि मग खेळातला पुसीन, नाहीतर तुमच्यासाठी एक वेगळा करून देईन, फक्त तुमच्यापुरता. तुम्ही म्हणाल तसं.

जस्टिन

*

नगर
२४ जून

जस्टिन,

पप्पांचं मला माहीत होतं. तुझे पप्पा लहानपणापासून तसेच, दगडाला सर्दी झाली तर त्याला कळेल पण पोराची कळणार नाही.

पण ऐक. जेवलास का हे विचारायला तू मेलेल्या माणसाला उठवलंस, आणि मी इथं जिवंत आहे. तीन तासांवर. जानेवारीत तू दारात उभा होतास तेव्हा मी काय विचारलं होतं? तव्यावर भाकरी टाकून विचारलं होतं. तू कॅसेटींची पिशवी घेतलीस आणि "नाही काकू, मीटिंग आहे" म्हणालास. मी ती भाकरी मालनबाईकडं दिली. ती विचारतेय, पोरगा आला होता ना? मी म्हटलं, घाई होती. तुझी लाज मी झाकली.

जिवंत माणूस विचारतं तेव्हा त्याला उत्तर द्यावं लागतं. थांबावं लागतं, दुसरी भाकरी नको म्हणावं लागतं, त्याचं रडगाणंही ऐकावं लागतं. यंत्र विचारतं आणि तू बटण दाबून उठतोस. म्हणून तुला ते बरं वाटतं. त्यात काकांचं प्रेम नाही, तुझा आळस आहे.

आता निवड माझ्यावर ढकलू नकोस. तुझ्याकडचा ठेव असं मी म्हणावं आणि तू मोकळा व्हावंस, एवढी भोळी मी नाही. मला वेगळा करून नकोच. पुसून टाक. तुझ्या बोटानं. कॅसेटी मात्र परत आण, त्यात ते स्वतः आहेत, खोकताना, पेटीवाल्याला दटावताना.

हनुमंतही परत खाली पाठव.

काकू

*

पुणे
७ जुलै

काकू,
सप्रेम सलाम.

ठरवलं. येत्या रविवारी संध्याकाळी आवाज पुसला जाईल, खेळातला आणि माझ्याकडचाही. जाहिरात बघून जिवंत व्हायचं बंद केलं. हनुमंताचं पान काकांनी लिहिलं तसं जसंच्या तसं घातलं आहे. मेलं की पहिल्या पानापासून सुरुवात.

आमच्यातले दोघं यावरून भांडून कंपनी सोडून गेले. उरलेला एक अजून बोलत नाही. बघू.

पुढच्या शनिवारी येतो. कॅसेटी घेऊन. दुपारी. गाडीत दुसरं कुणी नसेल.

जस्टिन

*

नगर
१४ जुलै

चि. जस्टिन,
आशीर्वाद.

शनिवारी ये. दोघं भांडून गेले म्हणतोस, तर त्यांनाही एकदा घेऊन ये. मला त्यांच्याशी बोलायचं आहे आणि ते गोड नसेल.

पुसलंस ते बरं केलंस. एवढ्यावरच पत्र संपवणार होते. पण तू मला खरं लिहिलंस, मग मीही लिहिते. नाहीतर तुला वाटेल, म्हातारी दगडाची आहे.

रविवारी सकाळी, तू पुसायच्या आधी, देवळातून आले आणि दिशाला हाक मारली. म्हटलं, "आन तो फोन. लाव." तिनं लावला, नाव घातलं, फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि उंबऱ्यात जाऊन बसली.

त्यानं मला हाक मारली. मग दोन वाटा सांगितल्या. मी कुठंच बोट लावलं नाही. मी बोलायला सुरुवात केली. तुझ्यावर राग काढून झाला होता, जस्टिन, तरी माझा राग संपत नव्हता. तो कुणावरचा आहे ते मला तेव्हा समजलं.

मी म्हटलं, तुम्हाला चार दिवस धाप लागत हुती आन मला सांगितलं न्हाई. जिना चढून आलात की मोरीत जाऊन नळ सोडायचात, मला श्वास ऐकू येऊ नये म्हणून. मला काय वाटायचं, माणूस हातपाय धुतोय. पुस्तकात दर पानाला इचारायचात, उतरायचं का थांबायचं, आन खऱ्या वेळी एकट्यानं ठरवलंत? घाबरेल म्हणून? मी घाबरले असते, पण चार दिवस आधी दवाखान्यात नेलं असतं. चार वर्षं लोकांना सांगते, किती शांत माणूस, कुणाला तरास दिला न्हाई. मला दिलाय. लई दिलाय.

असं पुष्कळ बोलले. शेजारपाजारला ऐकू गेलं असेल, जाऊ दे. दिशानं मागं वळून बघितलं नाही, शहाणी आहे पोरगी.

मग मी थांबले. ह्यांना बोलायला जागा द्यावी म्हणून थांबले. हे असते तर गप्प बसले नसते. "झालं का तुझं?" म्हणाले असते, मग आवाज चढला असता, मग मी पुन्हा, मग एखादं भांडं आपटलं असतं.

फोन म्हणाला, "आपण वाट निवडलेली नाही. कृपया वाट निवडा." त्याच गोड सुरात. जरा वेळानं पुन्हा तेच.

मी दिशाला म्हटलं, "घे बाई तुझा फोन. ह्याला भांडता येत न्हाई."

काकू